ट्रायल

श्रीलतानं सिंगापुरातून विचारलं,
नान्ना, एक जुनी गाडी बघितलीय, घेऊ का?
मी नेमका अल्टोखाली आडवा,
तोंडात टॉर्च, कानावरून ओघळणारं ऑइल.
म्हटलं, किंमत सांग.
ती म्हणाली, कुठली? गाडीची का कागदाची?

तिथं म्हणे गाडी घेण्याआधी
गाडी घ्यायचा हक्क घ्यावा लागतो. लिलावात.
दहा वर्षांचा कागद,
अन् त्याचा भाव कधी कधी गाडीच्या वर.
मुदत संपली की कागद परत विकत घ्या,
नाहीतर गाडी रस्त्यावरून काढा.
चालती गाडी?
हो नान्ना, चालती.

मी अल्टोखालून बाहेर आलो.

समोर गड्डम मास्तरांची मारुती उभी होती.
डावं दार आतल्या सुतळीनं उघडतं,
हॉर्न दाबला की वायपर हलतो.
मास्तर गेले, त्यांचा मुलगा येतो
दर दोन महिन्यांनी, म्हणतो, बघा की मेस्त्री,
अजून थोडी चालवा.

श्रीलता सांगत होती.
बिल्डिंगखाली उभी करायचं महिन्याचं भाडं,
ऑफिसखाली उभी करायचं तासाचं.
रस्त्यावर कमानी, खालून गेलं की
काचेजवळच्या डब्यात टिक् वाजतं, पैसे गेले.
पेट्रोल पलीकडच्या देशात स्वस्त,
पण पाऊण टाकी भरलेली नसली
तर पुलावरून सोडत नाहीत.
इथं मला हसू आलं.
आपले ट्रकवाले टाकळीचा पूल ओलांडतात डिझेलसाठी,
तळाशी खडखडाट घेऊन जातो तोच शहाणा.

मग म्हटलं, हे सगळं राहू दे.
गाडी सुरू कर, फोन बॉनेटवर ठेव,
आवाज भरून पाठव. आत्ता नको ऐकवू,
शेजारी पद्मावती टेक्स्टाइलचे बारा लूम चालू आहेत.

दुपारी तीनला लाइट गेली.
लूम थांबले. सगळी गल्ली एकदम बहिरी झाली.
तेव्हा ऐकलं. चाळीस सेकंद.

एक नंबरचा टॅपेट जरा बोलतोय, बाकी काही नाही.
पट्टा नवा आहे. कुणीतरी
वेळच्या वेळी ऑइल बदललंय, जीव लावून.
पंधरा वर्षं बघायला नको.
तिनं लिहिलं, कागद चारच वर्षांचा उरलाय.

चाळीस वर्षं इंजिनं खोलतोय.
पिस्टन बघितले, वाल्व बघितले, नटाखाली
अडकलेली चिमणीची काडी बघितली.
तारीख कुठं लिहिलेली असते, ते काय सापडलं नाही.

तुला आठवतं का विचारणार होतो, विचारलं नाही.
आपली गाडी कधीच नव्हती,
पण रोज संध्याकाळी कुणाची तरी असायची.
ब्रेक बघायला तळ्यापर्यंत,
गिअर बघायला होटगी नाक्यापर्यंत,
अन् तू मागच्या सीटवर, दप्तर उशाला.
डॉक्टर कोण्णूरांची फियाट, जाजू शेठची अँबेसेडर,
साखर कारखान्याची जीप, तिला तर मागं दार नव्हतं,
तुला माझ्या पट्ट्यानं बांधून नेलं होतं.
अव्वा म्हणायची, पोरगी झोपत नाही,
जा, एक ट्रायल मारून आण.
पेट्रोल गिऱ्हाइकाचं. झोप आपली.

तिचं बाळ सात महिन्यांचं आहे. रात्री रडतं.
आता कळतंय गाडी कशाला बघत होती.

आठ दिवसांनी मेसेज आला, नाही घेतली.
कागदाच्या पैशात इकडं काय काय झालं असतं
त्याचा हिशेब तिनं केला नाही, मीही केला नाही.
मी लिहिलं, बरं. टॅपेट तसाही बोलत होता.

शटर ओढलं की कधी कधी लावतो ते चाळीस सेकंद.
गाडी आता दुसऱ्या कुणाकडं असेल,
त्यानं टॅपेट सेट करून घेतला असेल का, कोण जाणे.
एकतिसाव्या सेकंदाला ती बॉनेटजवळ वाकून विचारते,
नान्ना, येतंय का ऐकू?

येतंय, म्हणतो मी,
अन् हात पुसायचं फडकं शोधायला लागतो.