दोन मिनिटं आधी

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: ओट.
आबांनी पहिल्याच सकाळी वाटी सरकवली,
म्हणाले, "ही पेज न्हय, ही खळ."
तेव्हापासून ते पाकीट
डब्यांच्या मागे, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावून
माझ्याकडे बघत होतं.
फेकून देववेना. एकशे ऐंशी रुपये.

मग एका रविवारी परात घेतली.
लोणी गुळात फेसलं मनगट दुखेपर्यंत,
एक अंडं, मूठभर कणीक, मीठ,
जायफळ किसताना बोटाचं साल गेलं, तेही बहुधा त्यातच.
ओट शेवटी.
आणि त्याच्याही शेवटी मे महिना:
गच्चीवर सुपात वाळवलेली करवंदं,
फणसाचे उभे चिरलेले गरे, वादीसारखे चिवट,
आणि आंबापोळी, जिच्या कडेला
अजून ताटाच्या काठाची नक्षी आहे.
सगळं कोमट पाण्यात, पाऊण तास.
सुकलेल्यावर घाई चालत नाही.
करवंदांनी पाणी जांभळं केलं,
ते मी प्याले, मोरीपाशी उभ्यानेच.

घरात भट्टी नाही.
कुकरात वाळू घालून एकदा केलं होतं,
वाळूच खाल्ली.
म्हणून पत्र्याच्या दोन थाळ्या, वर केळीचं पान,
सायकलच्या कॅरिअरला बांधून
वेंगुर्ल्याच्या बंदर रोडने पास्कूकडे.

पहाटेचे पाव उतरले की त्याची भट्टी निवत जाते,
तेव्हा गावाची पिठं आत जातात,
कुणाची नानकटाई, कुणाचा रव्याचा केक.
नाताळ आठवड्यावर आलेला;
त्याच्या मुली टेबलाशी नेवऱ्या मुरडत होत्या.
पास्कूने पान उचललं.
"ह्यां काय गे? घोड्याचां खाणां?"
"सासऱ्यांचं."
"मगे ठीक आसा."

लांब फावड्यावरून थाळ्या आत गेल्या.
मी तोंडाशी मोजत उभी.
पोस्टात तेवीस वर्षं शिक्के मारलेत,
मिनिटं मला हातात कळतात.
काठ तांबूस झाले, मधे अजून ओली चकाकी,
मी म्हटलं, काढ.
"कच्ची आसत."
काढ म्हणते ना.
"दोन मिनटां थांब गे. माझ्या भट्टीतसून कच्चां गेलां
तर लोक माकाच नावां ठेवतले."

त्याच्याकडे आजोबांपासून बिस्कीट म्हणजे कडक,
चहात बुडेपर्यंत शब्द न मोडणारं.
मला वाकणारं हवं होतं,
दात लागू नयेत असं, पण तोंडात पुरणारं.
आबांची कवळी जूनपासून ग्लासात आहे,
पाण्यात एकटीच हसते.
हे भर बेकरीत कसं सांगायचं?
सांगितलं नाही. फडकं घेतलं आणि
मीच एक थाळी ओढली, मनगटाला चटका बसला.
पास्कूने नुसती मान हलवली
आणि दुसरी थाळी मुद्दाम आत ठेवली.

पुढचं सगळ्यात अवघड: हात न लावणं.
थाळी तापलेली असते, तिच्याच धगीत
मधला भाग हळूहळू स्वतःला सावरतो.
लवकर उचललं तर मोडतं.
मी केळीच्या पानाने वारासुद्धा घातला नाही.

आबा पडवीत जाळं सांधत होते.
समुद्रावर जाणं सुटून नऊ वर्षं झाली,
जाळं शेजाऱ्यांचं,
पण गाठ ओढायला अजून तोंडापाशी नेतात,
मग आठवतं, मग हातानेच ओढतात.
तुकडा हातावर ठेवला.
त्यांनी तो तंबाखूसारखा गालात धरला
आणि सुई चालू राहिली,
एक घर, दोन घरं, पाच.
मी आत जाऊन भांडी घासून आले
तरी तो गालातच.
मग जबडा थांबला. करवंद लागलं असणार.
"ह्यां खंयचां?"
सड्यावरचं, म्हटलं, देवळामागच्या जाळीतलं.
"आंबट तेच्यावरना कळलां."
आणि थोड्या वेळाने, जाळ्याकडे बघतच,
"उद्या ती खळ करू नको."

दुसऱ्या थाळीतली, दोन मिनिटं जास्तीची,
रात्री मी चहाबरोबर खाल्ली.
कडक, काठाशी थोडी करपलेली.
चांगली होती.
पास्कूला सांगायचं नाही.