सेफ्टी डोअर

आमच्या मजल्यावरच्या सगळ्या चाव्या माझ्याकडे असतात.
दारामागे, खिळ्यांवर.
सावंतवहिनींची पितळी, पिल्लेंची लाल दोरा बांधलेली,
आणि एक कुणाची ते आता कुणालाच आठवत नाही.
गॅसवाला येतो, माझी बेल वाजते.
पिल्लेंचा मुलगा क्लासवरून येतो, माझी बेल वाजते.
रात्री पावणेबाराला सुदेशचा फोन:
ताई, तूच आहेस म्हणून बोलतोय.
आकडा ऐकायच्या आधीच
मी मनात एफडी मोडलेली असते.

हे सगळं मी मुलुंडला, झेरॉक्सच्या दुकानावर,
पहिल्या मजल्यावर सांगितलं.
सांगितलं म्हणजे तिसऱ्या गुरुवारी.
आधीचे दोन गुरुवार मी पंख्याबद्दल बोलले,
फार आवाज करतो म्हणून,
आणि निघताना टेबलावरचे कप विसळायला उचलले.
असू देत ते तिथंच, ग्रेटा तुस्कानो म्हणाल्या.
वसईचं मराठी, शेवटाला जरा गात जाणारं.
मी कप धरून उभी.
पंचेचाळीस वर्षांची बाई,
आणि एक कप खाली ठेवता येईना.

घरी सांगितलं होतं, दातांच्या डॉक्टरकडे जाते.
दोन महिन्यांनी नवरा म्हणाला,
किती दाढा आहेत गं तुला?

मला वाटलं होतं, बाई लिहून देतील काहीतरी,
जेवणाआधी एक, जेवणानंतर एक.
त्या नुसतं विचारतात.
सगळ्यांच्या चाव्या तुमच्याकडे. तुमची कुणाकडे?
सगळ्यांकडेच, मी पटकन म्हटलं,
आणि मग खालच्या मशीनचा आवाज ऐकत बसले.
तेच पान, पुन्हा तेच पान.

आई म्हणायची, तिन्हीसांजेला दार उघडं ठेवावं,
लक्ष्मी येते.
आईच्या उघड्या दारातून कोण कोण आलं
ते मी पाहिलंय.
लक्ष्मी सोडून.

आपल्याला दोन दारं आहेत, हे इतकी वर्षं
पाहूनही पाहिलं नव्हतं.
लाकडाचं, आणि त्याच्याबाहेर जाळीचं.
लाकडाचं सताड उघडं, जाळीला कडी:
फोडणीचा वास बाहेर जातो, वहिनी दिसतात,
गुडघ्याची चौकशी होते.
भाजीची वाटी तेवढी जाळीतून जात नाही.
वाटीसाठी दार मी उघडते.
मी.

रविवारी सुदेश आला. बेल दाबून धरतो तो, सोडत नाही.
म्हटलं, या वेळी पैसे नाही देणार.
नाहीत, असं नाही म्हटलं. नाही देणार.
एवढ्या फरकासाठी आठवडाभर आरशाशी बोलत होते,
तरी आवाज आला तो
शिट्टी व्हायच्या आधीच्या कुकरसारखा.
बदललीस तू, तो म्हणाला. कुणी शिकवलं हे?
चहा घेशील? मी विचारलं.
तो गेला. चारही मजल्यांची त्याची पावलं
मी उभ्या जागी मोजली.
रात्रभर पोटात गोळा.
बरं वाटायच्या आधी इतकं वाईट वाटतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं मला.
सांगितलं होतं खरं तर.
मी तेव्हा पंखा बघत होते.

पिल्लेंची चावी परत दिली. त्यांनी तोंड वाकडं केलं,
मग मुलाच्या गळ्यात दोऱ्यासकट घातली. प्रश्न मिटला.
वहिनींची ठेवलीय. एकट्या असतात,
न्हाणीघरात पडल्या तर.
ही मी ठेवली म्हणून आहे.
ती बेवारशी अजून खिळ्यावर.
असू दे.

नवऱ्याला सांगितलं, दात नव्हतेच ते.
तो काही बोलला नाही.
पुढच्या गुरुवारी मी जिन्यात असताना त्याचा फोन:
डाळीला शिट्ट्या तीन की चार?
बघ तुझं तू, म्हटलं. आणि हसू आलं.

आज निघताना कप टेबलावरच राहिला.
दारातून एकदा वळून पाहिलं त्याच्याकडे.
पाहिलं, हो.