मॅचिंग

सक्करदऱ्याच्या दवाखान्यात मानेवरची गाठ काढली.
मटाराएवढी.
सात वर्षं ब्लाउजच्या गळ्याला घासत होती.
साधीच आहे, डॉक्टर डहाके म्हणाले,
आणि चार टाके घातले.

बावीस वर्षं फॉल-पिको करते जी मी,
टाका कसा पडला ते मला विचारा!
पण मान आपली, दिसते दुसऱ्याला.
तक्षशिलाला म्हटलं, बघ नं जरा.
ती म्हणाली, सरळ आहेत,
पण तुमच्यासारखे नाहीत.

आठव्या दिवशी दोरा निघाला.
आता रात्री दुकान मिटलं की
ती बोटभर व्हॅसलीन चोळते, गोल गोल.
दिवसा दुपट्टा. मे महिन्याचं ऊन
वण काळा करतं म्हणे.
खाज सुटते तेव्हा
कूलरसमोर मुठी आवळून बसते.

साडीचा फॉल उसवला की सुईची भोकं राहतात.
पाणी शिंपडा, इस्त्री फिरवा,
थोडी बुजतात.
कातडीला इस्त्री नाही.

काल बोट सवयीनं गाठ शोधायला गेलं,
लागली एक बारीक, उठलेली रेघ.
"रंग कसा आहे गं?"
"गुलाबी. अजून मॅचिंग नाही, मावशी."

समोर रिळांचा अख्खा खण उघडा,
एकशे चाळीस छटा,
आणि ही एक
सहा महिने लावणार.