पाचव्या तासाची नळी

कॉन्सेप्सिओनच्या आमच्या इस्पितळात लिफ्ट रात्री दहाला बंद होते.
त्यानंतर जे काही वरून खाली जातं
ते माझ्या हातून जातं: चादरी, रिकामे सिलिंडर,
क्वचित माणूस,
आणि त्या उन्हाळ्यात, बर्फाच्या डब्यातून,
मारिलेओबाईंच्या नळ्या.

नळीत पाव चमचा रक्त.
बर्फ कशाला, मी विचारलं होतं.
म्हणाल्या, हे औषध नुसतं ठेवलं तरी मरतं, एलेउतेरिओ.
तुझ्या पायांवर आहे सगळं.
पाच मजले. एकशे आठ पायऱ्या.

वणवा त्या वर्षी पाइनच्या रानातून
सुटलेल्या घोड्यासारखा खाली आला.
आग विझवणाऱ्या टोळीतला बाउतिस्ता, वय तेवीस,
पाठीला कातडी नाही,
आणि त्या उघड्या पाठीत एक जंतू बिऱ्हाड करून,
ज्याला चार औषधं तोंडपाठ.
उरलं होतं पाचवं.

एक ग्रॅम, दर आठ तासांनी, असं पुस्तकात आहे.
पुस्तक कुणा धडधाकट माणसाच्या मापानं शिवलेलं.
भाजलेल्या तरण्या अंगात मूत्रपिंडं पिसाटतात,
विष धुऊन नेतात, औषधही नेतात.
बाईंना एवढंच हवं होतं: कधी नेतात.
म्हणून रात्री अकराला डोस,
मग बाराला सुई, दोनला, चारला, सकाळी सातला.
डास आहे ही बाई, बाउतिस्ता म्हणायचा,
आणि हात पुढे करायचा.

तळघरातलं यंत्र आलेख काढायचंच,
तरी त्या पेन्सिलीनं टिंबं मांडायच्या.
मध्ये एक आडवी रेघ.
हिच्या वर औषध असलं तर जंतू मरतो.
आणि खाली?
खाली, त्या म्हणाल्या, थोडं असतं.
थोडं असणं वाईट.
थोडं असलं की शाळा भरते,
मरायचे ते मरतात, उरलेले धडा गिरवतात,
आणि सातला आपण पुढचा डोस घेऊन जातो
तेव्हा पोरं पाढे म्हणायला तयार.

चौथी रात्र. चारची नळी.
तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणी सांडलेलं पाणी,
की माझे बूट, की झोप.
काच. एवढंसं लाल.
बर्फ उड्या मारत माझ्याआधी खाली पोचला.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
पुन्हा काढता येईल रक्त?
चार वाजून गेले, त्या म्हणाल्या.

सकाळी कागदावर दोनचं टिंब रेघेच्या वर,
सातचं कुठल्या कुठे खाली,
मध्ये पांढरं.
मी म्हटलं, बाई, रोज याच जागी पडतं की ते,
टाका ना. कोण बघतंय?
पेन्सिल त्यांनी कानामागे खोचली.
रोज पडतं म्हणून काल पडलं असं होत नाही.
मोकळं राहू दे.

मग औषध थेंबथेंब, चार तास चालवायचं ठरलं.
वरचे डॉक्टर कुरकुरले, नर्सबाई त्याहून जास्त,
सलाइनच्या स्टँडला कोण राखण बसणार?
बाउतिस्ताच्या पाठीनं नवी कातडी धरली.
शेजारच्या खाटेवरची ओर्फेलिना गेली.
तिच्या जंतूला पाचवंही पाठ होतं,
थेंबानं द्या नाहीतर बादलीनं.
त्या दिवशी बाई तळघरात दिवा न लावता बसल्या होत्या.
मी डबा ठेवला आणि निघालो.

छापून आलं ते माझ्या भाचीनं वाचून दाखवलं.
अकरा रुग्ण. अकराच, म्हणून सावध वाक्यं,
"असावं", "दिसतं", "आणखी पाहायला हवं".
खाली बारीक अक्षरात:
एक नमुना जिन्यात फुटला.
नाव नाही माझं. नसू दे.
आलेखात एक रेघ मध्येच तुटून पुढे सुरू होते,
त्या फटीवर मी बोट ठेवून पाहिलं.
कागदच होता.

लिफ्ट अजून दहालाच बंद होते.
तिसऱ्या मजल्यावर आता मी कठडा धरतो.