पान एकसष्ट

औंधला, जिथे पूर्वी टायरचं दुकान होतं,
तिथे आता ती वेबसाइट राहायला आली आहे.
दार आपोआप उघडलं. आत गारवा, कॉफीचा वास,
आणि सगळी पुस्तकं तोंड पुढे करून,
दाखवायच्या कार्यक्रमाला उभी केल्यासारखी.
पाठमोरं एकही नाही.
मी जन्मभर पुस्तकं कण्यावरून ओळखत आले,
मान वाकडी करून. इथे मान सरळ
आणि ओळख चांदण्यांवरून:
चार पॉइंट दोन. चार पॉइंट सात.
खाली पुठ्ठ्यावर राउरकेलाच्या कुणा वाचकाचं मत:
'पॅकिंग उत्तम होतं.'

किंमत कुठेच दिसेना.
'फोन धरा,' म्हणाली गळ्यात पट्टा घातलेली मुलगी,
सायमा तांबोळी. धरला.
फोनला आधी माझा गुडघ्याचा पट्टा आठवला,
मग दोन किलो हरभरा डाळ,
मग म्हणाला, सदस्यांना दोनशे बारा, इतरांना दोनशे नव्याण्णव.
अप्पा बळवंत चौकातही, म्हणा,
तोंड बघूनच दहा टक्के सुटायचे.

मराठी शेवटच्या भिंतीला, लिफ्टशेजारी.
एक कपाट, त्यातलं अर्धं पाककृतींचं.
तिथे ते होतं. विहिरींवरचं.
मुखपृष्ठ नवं, निळं; आत तीच पानं,
जशीच्या तशी उचललेली.
नारायण पेठेतल्या छापखान्यात, सत्याऐंशीच्या मे महिन्यात
त्याची मुद्रितं मी तपासली होती.
धाकटीला गोवर. दोन रात्रींचं जागरण.
पान एकसष्ट, खालून चौथी ओळ:
'बेचाळीस फुटांवर खडकात पाणि लागलं.'
पहिली वेलांटी.
तेवढ्याने पाण्याचा हात झाला,
पाणिग्रहणातला.
लेखकाने कधी बोलून दाखवलं नाही.
इतकी वर्षं तो हात
त्या खडकात तसाच.

अंबाड्यातली पेन्सिल काढली.
पहिली खोडली, समासात दुसरी दिली.

सायमा बघत होती. वरून कॅमेराही.
'काकू, आता हे घ्यावं लागेल.'
घेते.
'पण लिहिलंत काय?'
दाखवलं. तिने ओळ वाचली, ओठ हलवत,
दोनदा. मग यंत्र पुस्तकावर धरलं
आणि दोनशे बाराच लावले.
'मी सदस्य नाही गं.'
'माझा नंबर टाकलाय.'

ब्रेमेन चौकात चाळीस मिनिटं बस नाही.
अनुभव कसा होता, किती चांदण्या,
ते आता तिलाच विचारतील.
मी पान चौऱ्याण्णववर होते.
तिथे आणखी एक निघाली.