हजेरी

चैत्र लागायला अजून चार दिवस आहेत.
फाटकाशी केयूर नावाचा पोरगा
कागदावर नावं ताडून बघतोय.
"हौसाबाई?"
"हाय," आई म्हणाली.
नुसतं हाय. मुकादमाला म्हणायची तसं,
खुरपं पदराआड धरून.

तिकीट तीनशे. मी तिला तीस सांगितलं.
तरी म्हणालीच, "झाडं बघायचे?"

गणेशखिंडीतली ही लाटसाहेबाची बाग.
केयूर सांगतो, इथे बॅण्ड वाजायचा,
मडमा वेताच्या खुर्च्यांवर चहा घ्यायच्या.
आईला ही हिरवळ ठाऊक आहे
ती खालून, मुळांच्या बाजूनं:
कुठे लव्हाळा माजतो,
कुठे कितीही पाणी सोडा, मुरत नाही.
सगळे गवतातून चालले.
ती कडेकडेनं,
तिरप्या रोवलेल्या विटांच्या ओळीवरून,
चपला हातात.

कुसुंबाची पालवी इतकी लाल
की दोघीतिघींनी फुलं समजून फोटो काढले.
पांगाऱ्यावर साळुंक्यांचं भांडण पेटलेलं.
ऊन अजून सोसण्यासारखं.

मग वावळा.
खाली पापड्यांचा थर,
वाऱ्यासरशी खुरडत सरकणारा.
केयूरनं लॅटिन नाव सांगितलं, कुळ सांगितलं,
बी लांब उडावं म्हणून हे पंख, असंही सांगितलं.
आईनं मूठभर उचलल्या,
तळव्यावर चोळल्या, फुंकर मारली,
उरलेलं बी तोंडात टाकलं.
आणि हात त्याच्यापुढे धरला.

तो बिचकला. माझ्याकडे बघितलं. खाल्लं.
"बदामासारखं लागतं की!"
"असंल," आई म्हणाली.
"आम्ही भाकरी संपल्यावर खायचो."

परतताना वीस जणांत एकोणीसच भरले.
मला सापडली ती
कोरड्या कारंज्यामागे, मेंदीच्या कुंपणात,
दोन्ही हातांनी फांद्या सारत बसलेली.
"हितं नळ व्हता."
नळ नव्हता.
मातीतून वीतभर वर आलेला गंजका पाइप,
वरचं तोंड लाकडी खुंटीनं बुजवलेलं.
तिनं तरी त्याच्याखाली ओंजळ धरून बघितली.
मी बघतोय हे कळल्यावर
हात लुगड्याला पुसले,
कोरडेच होते.

मागे केयूर पुन्हा मोजतोय,
सतरा, अठरा,
आवाज जरासा वैतागलेला.
आईनं मान वर केली.
"सुटी झाली का?" तिनं विचारलं,
आणि उठायच्या आधी
हाताशी आलेला लव्हाळा
गाठीसकट उपटला.