तोंडचं पाणी

संध्याकाळी सात ते नऊ, ग्रंथालयाच्या तळघरात
मी खेळाडूंची हजेरी घेते.
आठवड्याला आठ तास अभ्यास, नाहीतर शनिवारी मैदान बंद.
नियम माझा नाही. शिक्का माझा.

त्याआधी तीस वर्षं आयोवातल्याच एका टपाल कचेरीत
वजनकाट्यापाशी उभी होते;
अर्धा औंस जास्त भरला की पार्सल परत.
त्यामुळे दारातून कुणी आत आलं
की आधी वजन दिसतं मला, मग चेहरा.

पोहणाऱ्या मुली येतात ओल्या केसांनी,
वहीवर थेंब पडतात, त्यांना पत्ता नसतो.
लांब पल्ल्याची पोरं घोट्यावर बर्फाची पिशवी बांधून
रोमचा इतिहास वाचतात.
गोळाफेकवाली मार्गिट निबंध टंकते एका बोटानं,
बाकीची पट्टीत आहेत.

आणि कोपऱ्यात एल्डन ब्रेके, कुस्ती,
एकशे एकोणपन्नास पौंड.
म्हणजे शुक्रवारी पाच वाजता एकशे एकोणपन्नास;
आज बुधवार, आज एकशे पंचावन्न
(मला काटा लागत नाही).
समोर जीवशास्त्राचं जाडजूड पुस्तक,
शेजारी रिकामी बाटली. प्यायची नव्हे, थुंकायची.
एक परिच्छेद वाचायचा, एकदा थुंकायचं.
तोंडचं पाणी पळतं म्हणतात,
मी ते एका बाटलीत
बोटभर बोटभर चढताना पाहिलं.

धडा कोणता निघावा? मूत्रपिंड.

"मिसेस होगलंड, मला प्रश्न विचाराल?"
जीभ टाळूला चिकटलेली, शब्द सोलून काढावे लागत होते त्याला.
मी वाचलं: शरीरातलं पाणी कमी झालं, तर काय होतं?
तो छताच्या पाइपांकडे बघत राहिला.
"आधी थुंकी दाट होते," म्हणाला.
"मग राग येतो, कुणाचाही.
मग रात्री आईच्या स्वयंपाकघरातला गळका नळ ऐकू येतो.
आई इथून दोनशे मैलांवर राहते."

पुस्तकात एका संप्रेरकाचं नाव होतं.
"चूक," मी म्हणाले.
"हो ना," तो म्हणाला,
आणि ते नाव तीनदा लिहिलं,
तिसऱ्यांदा वेलांटी चुकवून.

साडेआठला झोपला.
गाल आकृतीवर, तोंड उघडं, ओठांना भेगा,
पेन अजून बोटांत.
झोप अभ्यासात धरली जाणार नाही:
पत्रक भिंतीवर आहे. मीच चिकटवलंय, चार कोपऱ्यांना चार टाचण्या.
उद्या आठला परीक्षा. त्याआधी सहाला सराव.
त्याआधी, मला माहीत आहे, जाड कपडे घालून जिना.
वर, खाली, वर, खाली.

टपाल कचेरीत तीस वर्षांत एकदाच
मी काट्याकडे पाहिलं नव्हतं.
कुणाचं पार्सल होतं ते सांगणार नाही.

वहीत लिहिलं: ब्रेके, दोन तास.
दिवे मालवायच्या आधी टेबलावर दोन टकटक केल्या,
तो उठला, "सॉरी" म्हणाला, कुणाला कोण जाणे,
आणि बाटली उचलून
आधी ती उजेडात धरून पाहिली.

शुक्रवारी म्हणे त्यानं विस्कॉन्सिनच्या एका पोराला
दुसऱ्याच फेरीत पाणी पाजलं.
मी गेले नव्हते. गुडघे.
जीवशास्त्र राहिलं;
उन्हाळ्यात पुन्हा घेणार आहे, पैसे भरून,
हे मला मार्गिटनं सांगितलं, न विचारता.

मार्चमध्ये हंगाम संपला.
त्या संध्याकाळी सात वाजून गेले तरी तो आत येईना.
दाराबाहेर पिण्याच्या पाण्याचा नळ आहे,
जुना, दाबला की कण्हणारा.
तो कण्हत राहिला.
घोट मोजायची सवय मला नाही,
तरी मोजले, एकोणीसपर्यंत,
मग वहीवर तारीख घातली
आणि त्याच्या नावापुढची जागा
कोरी ठेवून वाट पाहिली.